त्रिशूल टेकवायला जागा

आत्याबाई,

तुमचा त्रिशूल वाहून आले. आधी हेच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ‘पाल्हाळ नको लावू, मुद्द्याचं बोल.’ यंदाच्या शिवरात्रीला पचमढीला गेले, गुहेतल्या महादेवाला पाणी घातलं आणि चौरागड चढून तुमच्या नवसाचा त्रिशूल वर उभा करून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी लेक, तुमची नात, जिला तुम्ही परातीत बसवून न्हाऊ घालायच्या, ती आता रस्ता ओलांडताना माझा हात धरते. मी झटकते, ती पुन्हा धरते. हा हट्ट तिनं कोणाचा उचलला हे सासूला सुनेनं सांगायची गरज नाही.

तिच्याचसाठी पहिला नवस झाला होता. सातव्या महिन्यात जन्मली, मांजराच्या पिलाएवढी. तुमच्या लेकानं तिला हातात घेतलं आणि म्हणाला, पोट्टी जगली तर महादेवाला तिरसूल वाहीन. पोट्टी जगली, वर्षाची झाली, आणि तोच गेला. मलेरिया डोक्यात चढला, ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर जीपमध्येच त्याचा श्वास थांबला. त्रिशूल त्यानं लोहाराकडून आधीच घडवून आणला होता. तो आपल्या घरात धानाच्या ढोलीमागे उभा होता, शेंदूर लावायचा राहिलेला. मी झाडायला गेले की केरसुणी त्याला लागायची आणि मी तशीच खाली बसून घ्यायची. तुम्ही कधी ‘रडू नको’ म्हणाल्या नाहीत. नुसतं हातातली केरसुणी काढून घ्यायच्या आणि उरलेलं झाडून टाकायच्या.

मग शिवरात्र जवळ आली आणि गावातून महादेवाला जाणाऱ्यांचा जथा, आपला पोहा, निघायची तयारी सुरू झाली. पोह्याचा पुढारी म्हणजे आपला भगत. तो एका सकाळी माझ्या दिरासोबत आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. तुम्ही चुलीवर तांदळाचे आयते टाकत होत्या. भगत म्हणाला, कपाळ रिकामं असलेल्या बाईनं तिरसूल उचलाचा नसते. दीर म्हणाला, “माय, नवस आपल्या घरचा हाये. मी उचलतो. वहिनी आज इथी, उद्या कुठी.” मी पाण्याचा गुंड घेऊन दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं आणि त्यांनाही ते माहीत होतं. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणालात, “नवस पोट्टीसाठी बोलला होता ना? पोट्टी कोणाच्या पोटातून आली? तुह्या?” या बोलण्यात तव्यावरचा आयता करपला. तो तुम्ही दिराच्या ताटात वाढला आणि बाजूचा चांगला भगताला. भगत पाहुणा होता, म्हणून वाचला. दिरानं तो करपलेला आयता निमूट खाल्ला.

चौरागडची ती पहिली चढण आजही माझ्या खांद्यात आहे. आपल्या पोह्याचा नेम असा की त्रिशूल एकदा खांद्यावर घेतला की वर देवापाशीच उतरवायचा, मधे जमिनीला टेकला तर नवस फिटत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा तर तो नवस त्याचा होतो. हे मला गावात माहीत होतं, पण गावातलं माहीत असणं वेगळं आणि अर्ध्या पायऱ्यांवर लोखंड खांद्यात रुतून राह्यलंय तेव्हाचं वेगळं. एका वळणावर माझ्यानं पुढची पायरी चढवेना. मागून माणसं ‘हर हर महादेव’ करत येत होती, पुढून उतरणारे सल्ले देत होते. दीर दोन पायऱ्या वर थांबला होता, हात पुढे करून. वाईट मनानं नव्हे, आता मला कळतं. पण त्या हाताकडे पाहून मला वाटलं, झालं, आता हे घर, ही पोर, तो गेलेला माणूस, सगळं माझ्या खांद्यावरून उतरणार.

तेव्हा तुम्ही खाली बसलात. भर पायरीवर, वाटेत, लोकांना आडव्या. लुगडं गुडघ्यावर सारखं केलं आणि मांडीवर थाप मारली. “ठेव इथी.” मी म्हणाले, “आत्याबाई, टेकवाचा नसते.” तुम्ही म्हणालात, “जमिनीवर नसते टेकवाचा. मी का जमीन आहो?” भगत तुम्हाला वळसा घालून पुढे गेला. मी त्रिशूलाचं खालचं टोक तुमच्या मांडीवर ठेवलं, दांडा हातात धरून उभी राहिले आणि पोटभर श्वास घेतला. तुम्ही तंबाखू मळत बसून राहिलात, जशा काही बाजारात जीपची वाट पाहताय. कितीदा म्हटलं, चला आता, तर म्हणे थांब, मले चुना लावू दे. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तुमच्या मांडीवरचा काळानिळा डाग दिसला. मी विचारलं तर म्हणालात, मच्छर चावला असंल.

वर पोचल्यावर माझा नवस फिटला आणि तुम्ही तिथेच दुसरा बोलून बसलात. मला उतरताना सांगितलंत, तेही जेवणात मीठ कमी आहे सांगावं इतक्या सहज. “मी देवाले मागून आली. तुले दुसरं घर मिळालं तर अजून एक तिरसूल.” मला इतका राग आला, आत्याबाई. एवढं चढून, एवढं वाहून, आणि ही बाई मला घरातून काढायचं बोलून आली. मी म्हणाले, “मले घालवून राह्यल्या का?” तुम्ही म्हणालात, “घालवून नाई राह्यली. तुले भांडाले माणूस पायजे. माह्याशी भांडून तुहं पोट नाई भरत.” नागपूरपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र बसमध्ये माझ्या खांद्याला तेल चोळत होत्या आणि मी चोळू देत होते.

माणूसही तुम्हीच शोधला. ब्रह्मपुरीत सायकल दुरुस्तीचं दुकान, बायको गेलेली, बोलायला कमी. तुम्ही त्याला चार वेळा पंक्चर नसलेली सायकल दाखवायला नेली, हे त्यानं मला लग्नानंतर सांगितलं. माझी आई नव्हती, म्हणून लग्नात आईच्या पाटावर तुम्ही बसलात. गाव काय काय बोललं ते तुम्ही मला ऐकू दिलं नाही. निघताना तो पितळी गुंड दिलात, त्या दिवशी दारात माझ्या हातात होता तोच. म्हणालात, पुढच्या शिवरात्रीला आपण दोघी जाऊ, तुह्या खांद्यावर माहा तिरसूल. आणि त्याच साली रोवणीच्या दिवसांत बांधावर जेवायला म्हणून बसलात त्या उठल्या नाहीत.

तुमचा नवस तसाच राहिला. त्या घरी विचारलं तर दीर म्हणाला, वहिनी आता आपल्या पोह्यातल्या नाईत. इथं विचारलं तर माझ्या नव्या घरची माणसं म्हणाली, तो नवस त्या घरचा. दोन घरं असून एका त्रिशूलाला जागा नव्हती. तुम्ही जन्मभर देवाचं देणं कधी ठेवलं नाही, आणि माझ्यासाठी बोललेलं तेवढं तुमच्या नावावर राहिलं, हे मला दर शिवरात्रीला टोचायचं. माझा संसार चांगला चालला होता, हेच तर दुखणं. वाईट झाला असता तर नवस फेडायचा प्रश्नच नव्हता.

यंदा दिराचा फोन आला. तो आता म्हातारा झाला, आवाज तुमच्यासारखा झालाय. “वहिनी, मायचा तिरसूल मी लोहाराकून करून आनला. माह्याच्यानं उचलत नाई असं नाई, पन तो माहा नोहे. तुमी या.” मग म्हणाला, “मी मनलो होतो ना, उद्या कुठी.” मी म्हटलं, “कुठी नाई गेली, भाऊ. ब्रह्मपुरीतच हाव.” आणि दोघंही फोनवर रडलो, म्हातारी माणसं.

तर डोळ्यांपुढं आणा, आत्याबाई, मी चढते आहे. तुम्ही शोधलेला माणूस गुडघ्यांमुळे खाली चहाच्या टपरीवर थांबलाय, प्रत्येकाला सांगतोय की माझी बायको वर गेली. त्रिशूल दिरानं स्वतः उचलून माझ्या खांद्यावर ठेवलाय आणि आता तो मागून येतोय, पुढे नाही. लेक गडचिरोलीहून सुट्टी काढून आलीय, माझ्या बाजूनं चालते, दर पाच पायऱ्यांना पाणी विचारते. ते वळण येतं. पायऱ्या आता पक्क्या झाल्यात, पण वळण तेच. मी थांबते. म्हणते, “थांब बावा जरा.” लेक माझ्या तोंडाकडे पाहते. मग नवीन ड्रेससकट धुळीत बसते आणि मांडीवर थाप मारते. “ठेव आई.” लहानपणापासून आयते खाताना तिनं ही गोष्ट माझ्याकडून इतक्यांदा ऐकलीय. मी टोक तिच्या मांडीवर ठेवते. मागून दीर हळूच म्हणतो, “बरोबर हाये, पोट्टी का जमीन हाये?”

वर तुमचं नाव घेऊन त्रिशूल उभा केला. हजारो त्रिशूलांत तो आता ओळखूही येणार नाही, पण फिटला. तुमचं देवाकडे काही राहिलं नाही. माझं तुमच्याकडे आहे, ते राहू द्या, मला ते फेडायचं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या माहेरची पत्रंसुद्धा मी तुम्हाला चुलीपाशी वाचून दाखवायची. हेही आता आयते टाकताना हळू आवाजात वाचेन आणि डब्यात ठेवून देईन. पण एक ओळ वाचताना आवाज अजून खाली घेईन, कारण लेकीची सुट्टी अजून संपली नाही, ती बाजूच्या खोलीत आहे. यंदा त्या वळणावर, आत्याबाई, मी दमले नव्हते.