एकेचाळीस मार्क आणि खिडकीजवळची खुर्ची

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि या दोहोंवरून होणारी तुमची भांडणं, सगळं पूर्वीसारखंच असेल असं धरून चालतो. मी उत्तम आहे. (हे वाक्य तुझ्या भावजयीने खांद्यावरून वाचलं आणि भाजी चिरायला निघून गेली. तू मनावर घेऊ नकोस.)

पत्रास कारण की, खिडकीजवळची खुर्ची अखेर मला मिळाली. निकालाच्या दिवशी नाना आपली दोन्ही प्रगतिपुस्तकं कपाटाच्या दारावर शेजारीशेजारी चिकटवायचे आणि ज्याचे मार्क जास्त त्याला वर्षभर जेवताना खिडकीजवळची खुर्ची द्यायचे, हे तू विसरली नसशील. विसरशील कशाला, दहाच्या दहा वर्षं तूच बसलीस. मी भिंतीकडे तोंड करून जेवलो आणि पुढे गणिताचा मास्तर झालो. यात काही संबंध असेलही.

तर, माझं यकृत बिघडल्याचं तुला कळवलंच होतं. (दारूच्या थेंबाला न शिवता ते बिघडवून दाखवल्यामुळे शाळेत सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. शिपाई तेवढा आपुलकीने बघतो.) इथल्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई यकृताच्या रोग्यांच्या रक्तातली हार्मोन्स मोजते आहे. दर महिन्याला रक्त काढून आकडा हातात देते. हार्मोनचं नाव प्रोलॅक्टिन. मला पहिल्या महिन्यात अठरा मिळाले, दुसऱ्यात सत्तावीस, तिसऱ्यात एकेचाळीस. माझा कुठलाही आकडा जन्मात असा चढत गेला नव्हता. मी तिन्ही कागद कपाटाच्या दारावर लावले, लाल पेनाने ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारला आणि खुर्ची ओढून खिडकीजवळ जेवायला बसलो. (आकड्याशेजारी बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. वीस वर्षं मुलांना ‘सूचना नीट वाचा’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाने ते वाचलं नाही.)

एवढं घरातच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण चौथ्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर एक पोस्टमन भेटले, तेही यकृतवालेच. मी सहज विचारलं, तुम्हाला किती? बिचारे मान खाली घालून म्हणाले, बारा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खचू नका म्हटलं, माझी सुरुवातही अठरानेच झाली होती, नियमित येत राहा, हळूहळू चढेल. त्यांना धीर आल्यासारखा वाटला. डॉक्टरीणबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने मला आणि सोबत आलेल्या तुझ्या भावजयीला आत नेऊन बसवलं आणि म्हणाली, “अहो सर, इथे कमी मार्कवाला पास होतो.” यकृत जसं खंगत जातं तसा हा आकडा वाढतो, आणि दुखणं किती पुढे गेलंय याचा अंदाज ती त्यावरून बांधते. एरवी या हार्मोनचं काम म्हणजे बाळंतिणीला दूध आणणं. हे ऐकून तुझी भावजय चार महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली, आणि हसताहसता रडायला लागली. मी बाहेर येऊन पोस्टमनची माफी मागितली. ते म्हणाले, “नाही, मी तर घरी काय तोंड दाखवू याच विचारात होतो.”

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. चौथा आकडा अठ्ठावन्न आहे. तो दारावर लावला नाही.

आणखी ता. क. यकृत बदलावं लागेल म्हणतात. जवळच्या माणसाने आपल्यातला तुकडा दिला तर चालतो, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. तुझ्या भावजयीचा रक्तगट जुळत नाही. तुझा आणि माझा एकच आहे. वरचं सगळं पत्र मी हे लिहावं लागू नये म्हणून लिहिलं. ताई, मला फार भीती वाटते. तपासणीला येशील का? आधी भाऊजींशी बोल. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, तुझी शपथ.

शेवटचं. आलीस तर तुझंही रक्त काढतील. जन्मभर मला मागे टाकलंस, या एका वेळी माझ्यापेक्षा कमी मार्क आण. खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवली आहे. मी भिंतीकडे बसतो, मला सवय आहे.