झेंडे एकीकडे, धूर दुसरीकडे

प्रिय ठमाबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, तुझी आईही माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं रक्तदाब आणि हवापाणी यांच्यापुढे सरकत नाही. मुद्द्याला हात घालायला जावं तर तू म्हणतेस, बरं बाबा, ठेवते. म्हणून पत्र. चिडून फेकून दिलंस तरी नंतर उचलून वाचता येतं.

बाबांना म्हातारपणी भटकायचा नाद लागलाय, असं आईने तुला सांगितलं असेल. दर रविवारी बस पकडून आम्ही किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या गावी जातो, तिथल्या चित्रांच्या छोट्या गॅलऱ्या आणि बोटींच्या वस्तूंची दुकानं पालथी घालतो. नाद बीद काही नाही गं. मी तुझं चित्र शोधत होतो. पहिल्या प्रदर्शनातलं, बंदरातल्या चार होड्यांचं. ते किनाऱ्यावरच्या कुणा दुकानदाराने घेतलं एवढंच ठाऊक होतं. ते प्रदर्शन जिथे भरलं त्या गॅलरीवाल्या बाईंकडे पत्ता मिळाला असता, पण तिथे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आणि तुला विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

सात वर्षं झाली, तरी तो दिवस जसाच्या तसा आठवतो. तुझ्या चित्रासमोर वीसेक माणसं उभी होती. मी चष्मा पुसून पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की होड्यांवरचे झेंडे समुद्राकडे फडकतायत आणि टेकडीवरच्या धुराड्याचा धूर उलटा गावात शिरतोय, वारा काय एकाच वेळी दोन घरी जेवायला जातो का. लोक हसले. मला चेव आला. चाळीस वर्षं शिडं शिवणाऱ्याला वारा शिकवायचा नाही, हेही वर ठोकून दिलं. तू चित्राखालची तुझ्या नावाची चिठ्ठी तेवढी सरळ केलीस, आणि ती आधीपासून सरळच होती. महिन्याभरात रंगांची पेटी माळ्यावर गेली आणि तू नोकरी धरलीस. मी आईला म्हणायचो, पोर शहाणी झाली. आई त्यावर उठून आत निघून जायची, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

असो. तर या दुकानांची एकेक तऱ्हा काय सांगू! एका ठिकाणी दोरखंडाच्या गाठी फळीवर मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या डिंकाने चिकटवलेल्या. मी एक सोडून नीट मारून दाखवायला गेलो तर मालकीणबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. दुसरीकडे बोटीच्या सुकाणूचं चाक होतं, मधोमध घड्याळ बसवलेलं, आणि तेही बंद. आई मात्र खूश. शिंपल्यांच्या तीन चौकटी घेतल्यात तिने, लावायला घरात भिंत उरली नाही. मी प्रत्येक दुकानात नाक मुरडायचो आणि मग भिंतींवरून हळूच नजर फिरवायचो. आईला पहिल्या रविवारपासून कळलं होतं, म्हणे. तरी तिने अकरा रविवार मला न विचारता काढले.

अकराव्या रविवारी चित्र सापडलं. धक्क्यासमोर एक अरुंद दुकान आहे, जुनी होकायंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. टेबलावर पितळी डबे, चिमटे, वाटीत बारीक स्क्रू, आणि पाठीमागे भिंतीवर तुझ्या चार होड्या. मी ते विकत मागितलं. तू पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा दिवाणखान्यात लावलेलं दिसावं, एवढाच बेत होता. त्यांनी साफ नकार दिला. मीही हट्टाला पेटलो, ते माझ्याहून खमके निघाले, आणि या घासाघिशीत आमची शेवटची बस गेली. शेवटी त्यांनीच दुकानावरची खोली उघडून दिली.

दुसऱ्या दिवशी आईने मला पहाटेच उठवून धक्क्यावर फिरायला नेलं. तुला माहीतच आहे, मी चहा झाल्याशिवाय, म्हणजे नऊच्या आधी, घराबाहेर पाऊल टाकत नाही. सगळी उमर शिडांच्या कारखान्याच्या त्या लांबलचक खोलीत फरशीवर कापड पसरून, हाताला चामडं बांधून सुई मारण्यात गेली. वारा मला माहीत तो शिडाच्या मापापुरता. तर मी वर पाहिलं. होड्यांचे झेंडे समुद्राकडे. टेकडीवरच्या धुराड्याचा धूर गावाकडे. मी तिथेच पायरीवर बसलो. आईने विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, नाही, अक्कल आली.

त्या गृहस्थांना विचारलं तर मी खुळा असल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. खाली पाण्यावर पहाटे जमिनीकडून समुद्रात जाणारा वारा असतो, टेकडीच्या माथ्यावरचा वारा उलटा, गावाकडे, ऊन चढलं की दोन्ही एक होतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, म्हणाले. आणि पुढे म्हणाले, की पंधरा दिवस एक मुलगी अंधार असतानाच येऊन याच पायरीवर फळी मांडीवर घेऊन बसायची. हे तास दीड तासच टिकतं, ते तिने नेमकं पकडलं, म्हणून तर एवढ्या लांब जाऊन मी ते चित्र आणलं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला वाटत होतं, ते पंधरा दिवस तू मैत्रिणीकडे राहायला गेली होतीस.

ठमे, तू ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतंस. पंधरा पहाटा पाहिलं होतंस. आणि तरी बाप म्हणाला म्हणून आपणच चुकलो असं मानलंस. मला हेच गिळवत नाही. तू उलटून भांडली असतीस तर मी दोन दिवस फुगलो असतो, आणि तू आज चित्रं काढत असतीस. चूक माझी होती. तुझं चित्र बरोबर होतं.

काल मी आईला घेऊन तुझ्या प्रदर्शनाच्या त्या गॅलरीत गेलो. रविवार होता, माणसं बरीच होती. त्या दिवशी जिथे उभा होतो तिथेच उभा राहिलो आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना कशाचा काही पत्ता नाही, दोघंतिघं दाराकडे सरकली. गॅलरीवाल्या बाईंनी मात्र मला ओळखलं. मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी आतल्या खोलीची भिंत रिकामी आहे, विचाराल का तिला? हो हो, देईल ती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आईने माझा पाय दाबला. मग मी म्हणालो, तिचं तिला विचारा, मी फक्त निरोप पोचवतो. तो निरोप पोचवायला हे पत्र. त्यांचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. हो म्हण, नाही म्हण, मला कळवलं नाहीस तरी चालेल. पण हो म्हणालीस आणि मला बोलवावंसं वाटलं, तर मी येईन, आणि चित्रासमोर उभा राहून आधी तुला विचारीन, की यात काय बघायचं ते मला सांग.

तुझाच, उशिरा उठणारा
बाबा