ऑफिसच्या काचपेटीतले मासे

१७ नोव्हेंबर, सोमवार
नव्या मॅडमनी मीटिंग घेतली. लोक कामासाठी बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसतात, त्यांना पाहायला काहीतरी हवं, म्हणून चार फुटी काचेची पेटी आणली आहे. आता तिच्यात मिसळून राहणारे मासे हवेत. कोणाला कळतं का, असं विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या टिकारामचा हात वर जात होता. मी त्याच्याआधी वर केला.
माशातलं मला काय कळतं, हा प्रश्न गौण आहे. टिकारामला काहीच कळत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. हेडक्लार्कची खुर्ची रिकामी आहे आणि शिफारस मॅडमच करणार. १ डिसेंबरला भोपाळचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला येतायत. म्हणजे चौदा दिवस. भरपूर झाले.

१८ नोव्हेंबर
मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. दुसरा अर्धाच, कारण विषय लक्षात आला. संकल्प: रोज एक तास अभ्यास.
बायकोला, नूतनला, सांगितलं. ती म्हणाली, सव्वीस वर्षं झाली, तुम्हाले घरातल्या माणसायची आवडनिवड माहीत नाही, माशायची कशी कळन? बायकांना विज्ञान कळत नाही.

१९ नोव्हेंबर
अभ्यास राहिला. ऑफिसात काम होतं (चहा, दोनदा).
शिपाई महागू आपणहून सल्ला द्यायला आला. म्हणे, बाबूजी, आधी पानी भरून आठ-दहा दिवस मुरू द्या. आनं मासा घेताना त्याचं तोंड पाहा. ज्याच्या तोंडात दुसरा मावते, त्याले थो खाते.
याचा जन्म वैनगंगेच्या काठी, जाळ्यात गेला. मासा म्हटला की याला फक्त खाणं सुचणार. मी म्हटलं, महागू, हे शोभेचे मासे आहेत, रश्शाचे नाहीत. तो हौ म्हणाला आणि फायली घेऊन गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गोंदियाला जाऊन आलो. दुकानात रचना नावाची पोरगी. पेटी किती फुटी, पाणी किती दिवसांचं, आधी कोणते मासे आहेत, असे प्रश्न. दुकान आहे की पोलीस ठाणं? मी बोट दाखवत गेलो आणि ती नाही म्हणत गेली. याच्यासोबत हा जमत नाही, तो त्याचे पर कुरतडते, गोल्डफिशले थंड पाणी लागते. मी तिला सांगितलं, एकमेकांचं तोंड न पाहणारी बावीस माणसं मी एका हॉलमध्ये सव्वीस वर्षं बसवली आहेत. मग तिने वही काढून मी म्हणेन ते लिहून घेतलं. ज्ञानापुढे माणूस नमतोच.
निवड माझी: नियॉन टेट्रा दहा, एंजल चार, टायगर बार्ब सहा, गोल्डफिश दोन. आणि एक ऑस्कर, वीतभर, गंभीर चेहऱ्याचा. कोणत्याही ग्रुपला एक सीनियर लागतो.

२४ नोव्हेंबर
सकाळी नळाचं पाणी भरलं, दुपारी दुकानातून मासे आणून सोडले. टाळ्या. मॅडम छान म्हणाल्या. टिकाराम म्हणाला, मोठा वाला भूखा दिख रहा है. जळतो.

२५ नोव्हेंबर
नियॉन आठ. दुकानात मोजताना चुकलं असणार. त्या पोरीचं लक्षच नव्हतं.

२६ नोव्हेंबर
नियॉन पाच. टिकारामवर संशय. पेटीवर नोटीस चिकटवली: ‘माशांना हात लावू नये. आदेशावरून.’
ऑस्करची तब्येत उत्तम. म्हणजे माझा आहार लागू पडतोय.

२७ नोव्हेंबर
बार्ब एंजलांच्या मागे दिवसभर पळतात. खेळीमेळीचं वातावरण.

२८ नोव्हेंबर
नियॉन शून्य. सीसीटीव्हीचं फुटेज मागवलं. टिकाराम कुठेच दिसत नाही. ऑस्करने शेवटचा नियॉन माझ्याच डोळ्यांदेखत गिळला, तोही असा, जसा कोणी मीटिंगमध्ये बिस्किट खातो.
निवडीत चूक नाही. या एका माशाचं चारित्र्य खराब निघालं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
पाणी ताकासारखं. दोन्ही गोल्डफिश उताणे. एंजलांचे पर झिजून झाडूच्या काड्या झालेत. परवा साहेब. महागूला फोन केला. विनंती नाही, सूचना केली.

३० नोव्हेंबर
महागू खैरलांजी रोडवरच्या गावाहून सायकलने आला. रविवार असून. ऑस्कर वेगळ्या टबात टाकला, बार्ब एका बादलीत, एंजल दुसऱ्या. मुरवलेलं पाणी ड्रममध्ये तयारच होतं. म्हणे, तुमी मासे आनले त्याच दिवशी भरून ठेवलं, लागनच म्हटलं. मग डब्यातून नदीतले बोटभर मासे सोडले, पंधरा-वीस, चांदीसारखे, शेपटीपाशी काळा ठिपका. गावठी माल. मी देखरेख केली.

१ डिसेंबर, सोमवार
मॅडम साडेनऊलाच आल्या. टबात ऑस्कर, बादलीत बार्ब, कागदावर मेलेले गोल्डफिश, हे सगळं पेटीखालीच राहून गेलं होतं. मॅडमनी खाली बोट दाखवत, माझ्याकडे पाहून विचारलं, हे मासे कोणी निवडले?
मी म्हणालो, महागूने.
ठरवून म्हणालो नाही. तोंडातून निघालं. सगळा हॉल उभा होता. मॅडमनी महागूकडे पाहिलं. तो म्हणाला, हौ.
अकराला साहेब आले. पेटीसमोर थांबले ते वीस मिनिटं. त्यांच्या गावच्या नाल्यात असेच मासे होते म्हणे. शाबास, किसने किया? मी एक पाऊल पुढे झालो. मॅडम म्हणाल्या, महागूने. साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. त्याचा हात ओला होता, तरी.

२ डिसेंबर
हेडक्लार्क टिकाराम. असो. लायकी न पाहता दिलेल्या खुर्चीत मला रस नव्हता.
महागूला कोपऱ्यात गाठून विचारलं, काल हौ काहून म्हणालास? तो फडकं पिळत म्हणाला, तुमी लय भेले होते बाबूजी.
मी भ्यालो नव्हतो.

३ डिसेंबर
जेवलो नाही. अ‍ॅसिडिटी.

४ डिसेंबर
खरं सांगून टाकायचं ठरवलं. यात मोठेपणा आहे, आणि मॅडमवर छाप पडेल. बाहेरच्या बाकावर सव्वा तास बसलो. आत गेलो. ऑस्कर, नियॉन, नळाचं पाणी, सगळं सांगितलं. महागूवर ढकललं तेही. 
मॅडमनी सही करता करता ऐकलं. म्हणाल्या, वो तो पूरे ऑफिस को मालूम है, राजेंद्रजी. और कुछ?
और कुछ नव्हतं.