हॉलला तुमचं नाव देणार नाहीत

सिस्टर, मिशनच्या नव्या हॉलला तुमचं नाव द्यायचं ठरलं होतं, ते आता देणार नाहीत. हे तुम्हाला मीच सांगायला हवं, कारण त्यामागचं खरं माझ्याशिवाय जिवंत माणसांत कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला तिकडे तुमच्या देशात पुरलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. नावाचं ऐकून तुम्ही हसला असता, म्हणाला असता, नाव कशाले, आधी न्हाणीघरातला नळ दुरुस्त करा. नळ अजून गळतोच आहे. पण गोष्ट नळाची नाही.

मागच्या महिन्यात वसतिगृहाच्या जुन्या मुलांचा मेळावा झाला. मुलं म्हणजे आता पन्नाशीची माणसं, कुबड्या घेतलेली, कुणी तीनचाकीवर. हॉलच्या दाराशी मोठा कौतुकाचा रॅम्प बांधलाय आणि मंडपवाल्यानं नेमक्या त्यावरच जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. लोक पायऱ्या चढताहेत, धापा टाकताहेत, आणि आत नवे फादर करुणेवर बोलताहेत. मी मंडपवाल्याला तिथंच धरलं. "अम्मा, बस दो मिनट," तो म्हणाला. "तू अपने पैर बाँध ले और चढ़ के दिखा दो मिनट में," मी म्हटलं. खुर्च्या हलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई अजून तशाच आहेत हो!" सगळे हसले आणि मलाही बरं वाटलं. जीभ चालती असली की माणसाला उगाच वाटतं, आपण खरं बोलणारे आहोत.

मग तुमच्या नावाची घोषणा झाली आणि लांजीकडची ती उठून उभी राहिली. तुम्हाला ती आठवत असणार. बापानं सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलेली, पोलिओनं दोन्ही पाय गेलेली, हातांत रबरी चपला घालून जमिनीवर सरपटणारी मुलगी. नागपूरहून तिचे कॅलिपर, पायांना पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी आधार, आले तेव्हा पहिल्या दिवशी ती जेवायला बसायलाच तयार नव्हती, उभीच राहायचं म्हणत होती. आता तिचं लांजीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माइक न घेताच ती बोलली. "मी आठ वर्साची होती. कॅलिपर लावून चालत होती. तरी पाहुणे आले त्या दिवशी सिस्टरनं माहे कॅलिपर काढाले लावले, हातात चपला घालून मले आंगनात रांगवलं, अन् फोटो काढला. हा पाहा." तिनं फोन वर धरला. त्या परदेशी पाहुण्यांच्या चर्चनं आपली जुनी मासिकं इंटरनेटवर टाकली आहेत, त्यात तिच्या लेकीला तो सापडला. "सिस्टर ने? सच में?" कमिटीच्या सेक्रेटरीनं विचारलं. "हौ. सिस्टरनंच सांगतलं होतं. नाव द्याचं तर द्या, पण त्या हॉलमधी मी पाय नाही ठेवनार." मी पहिल्या रांगेत बसले होते. रॅम्पसाठी भांडून आलेली मी. मी पदर सारखा केला.

तो दिवस तुम्ही पाहिलाच नाही. नव्या चार मुलांची मापं द्यायला तुम्ही सकाळच्या बसनं नागपूरला गेला होता. मी चोवीस वर्षांची, तुमच्याच हाताखाली शिकलेली, तुमच्यासारखं इंग्रजी बोलते म्हणून गावभर मिरवणारी. ते पाहुणे, नवरा-बायको, दोन दिवस आधीच येऊन थडकले. त्यांच्या तिकडच्या चर्चची माणसं आपल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करत, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. पुढची सगळी वर्षं मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये, घरी, वाट्टेल तिथं एकाच पद्धतीनं सांगितली: त्या गोऱ्यांना चालणारं मूल नको होतं, रांगणारंच हवं होतं, आपली गरिबी विकायला. फार तावातावानं सांगायचे. ते खोटं आहे. त्यांनी तिचा चालतानाचा फोटो आनंदानं काढला होता. साहेब एवढंच म्हणाले, की आमच्या लोकांना यावरून कळणार नाही ही आधी कशी होती. आणि मी म्हटलं, दाखवते ना. त्यांची बायको नको नको म्हणत होती, मुलीला त्रास देऊ नका म्हणत होती. मी तिला म्हटलं, छे, त्रास कसला!

मी मुलीला व्हरांड्यात बसवते आणि पट्टे सोडायला लागते. "बाई, काहून काढून राह्यल्या? मले चालता येते ना आता." थोडाच वेळ, मी म्हणते. ती दोन्ही हातांनी बक्कल धरून ठेवते. "नाही. मी नाही रांगत. सिस्टर म्हनते, आता रांगाचं नाही." पाहुणे बघताहेत. तेव्हा मी म्हणते, "अगं, सिस्टरनीच सांगून ठेवलंय." तिचे हात लगेच सुटतात. तुमच्या नावावर ती मुलं कडू औषधही मुकाट्यानं पीत होती, ते मला पक्कं माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारातल्या चपला आणून मीच तिच्या हातांत घातल्या. हापशीपासून पायरीपर्यंत ती सरपटत आली. रडली नाही. कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं, तशी बघत राहिली.

तुम्ही परत आल्यावर, तिला रांगवल्याचं स्वयंपाकाच्या बाईंनी तुम्हाला सांगितलं. चपला कुणी घातल्या तेही सांगितलं. मुलीला मी काय म्हटलं ते त्यांच्याही कानावर नव्हतं. तुम्ही मला चुलीपाशी बोलावलंत. मांडीवर सूप, तांदूळ निवडणं चालू. राग आला की, मनातलं बोलायचं असलं की तुम्ही इंग्रजी सोडायचात आणि बाईंकडून उचललेल्या बोलीत यायचात. "तुले इंग्रजी शिकवली ते याच्यासाठी काय वं?" मी पाहुण्यांवर ढकलायला लागले. तुम्ही मान वर केली नाही. "उद्यापासून तिचे पट्टे तूच बांधशील. रोज." एवढीच शिक्षा. मूल तयार कसं झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं मी कितीतरी वर्षं मनाला समजावलं.

पण तुम्ही नंतर विचारलंत. मी तिचे पट्टे रोज सकाळी गुडघ्यावर बसून बांधत होते. ती माझ्या खांद्यावर हात टेकून गावाकडच्या बकरीची, बापाच्या सायकलची बडबड करायची. तुम्ही दिसलात की तोंड मिटायची. रविवारी तुम्ही खाऊच्या गोळ्यांचा डबा उघडला की ती मागच्या मागे सरकायची. नाताळला तुम्ही स्वतः शिवलेला फ्रॉक तिनं शेजारच्या खाटेवरच्या मुलीला देऊन टाकला. त्या संध्याकाळी व्हरांड्यात तुम्ही मला म्हणालात, "ते पोरगी माह्याशी बोलत काहून नाही वं? तुले काही म्हनलं का तिनं?" मी म्हटलं, "नाही सिस्टर. लहान आहे, विसरेल."  "माहंच काही चुकलं असन," म्हणालात आणि आत गेलात. पाच शब्दांचं काम होतं, सिस्टर. माझी जीभ कधी नव्हे ती जागेवर बसली होती.

तुम्ही कायमच्या निघालात त्या दिवशी सगळी मुलं फाटकाशी आली, ती आली नाही. तुम्ही चष्म्याची डबी राहिली म्हणून परत आत गेलात. डबी तुमच्या हातातच होती, मी पाहिली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वर्गाच्या दारात तुम्ही बराच वेळ उभ्या होतात, आणि आतून ती बाहेर आली नाही.

मेळाव्यानंतर ती माझ्याकडे आली. "बाई, तिथं तुमी होत्या म्हनून माहे दिवस गेले. रोज सकाळी माहे पट्टे बांधून द्याच्या. मी पोरीले नेहमी सांगतो." आणि कुबडी भिंतीला लावून, एका हातानं खुर्ची धरून ती माझ्या पाया पडली. तिला वाकायला किती कष्ट पडतात ते मला दिसत होतं. मी अडवलं नाही. जपून जा गं, एवढं म्हटलं. तेव्हापासून ती रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवते, आणि मी, जिनं असल्या फुलांवरून अख्ख्या नात्यागोत्याची खरडपट्टी काढली, मी हात जोडल्याचं चिन्ह परत पाठवते. एकदा लांजीच्या बसमध्ये जाऊन बसलेसुद्धा. बस सुटायच्या आत उतरले, आणि वर कंडक्टरलाच ऐकवलं, की तुझ्या सीटा फाटक्या आहेत. मला चांगली म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे. घरी सून काय म्हणते ते तुम्ही न ऐकलेलंच बरं.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत, हे मला कळतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही सुपावरून मान वर करून बघणार नाही. लिहायचं तर तिला लिहायला हवं होतं, तेही कमिटीचं रजिस्टर घरी यायच्या आत.

ते परवा आलं. सेक्रेटरी स्वतः घेऊन आला. तुमच्या काळात मुलांना मिळालेली वागणूक लक्षात घेऊन हॉलला तुमचं नाव देऊ नये, असा ठराव आहे. "मैडम, आप सबसे सीनियर हैं, पहला दस्तखत आपका," तो म्हणाला. "पढ़ना क्या है, सब तय हो चुका है." मी त्याला चहा दिला आणि सही केली. न वाचता केली, असं तुम्हाला लिहिणार होते. मी चष्मा लावून दोनदा वाचला, आणि मग केली.