सरांची रेघ

मंगळवार, डोंबिवली

घरी येऊन तास झाला, तरी सरांच्या खिशातला चष्मा डोळ्यांसमोरून जात नाहीये. मी चुकले का?

नौपाड्यात त्यांच्याकडे कॉमिक्सला शाई द्यायला शिकतेय, त्याला आता वर्ष होईल. ते पेन्सिलने काढतात, मी त्यावर ब्रशने शाई देते. पहिल्याच दिवशी बजावलेलं, "अगं, रेघ माझी, शाई तुझी. सुधारायला जाऊ नकोस." शाई वाळली की ते चष्मा लावतात, माझी रेघ त्यांच्या रेघेशी ताडून बघतात आणि मगच पेन्सिल खोडतात. केसाएवढी हलली तरी पान परत.

आजच्या पानावर त्यांचीच पेन्सिल थरथरलेली. घोड्याची मान, तलवार, सगळीकडे. तशीच शाई दिली असती तर ती थरथर पुस्तकात छापून आली असती. मी रेघ सरळ केली. न विचारता. पान पुढे केलं. आता चष्मा लावतील, आता बोलतील.

त्यांनी खोडरबर उचलला आणि खालची सगळी पेन्सिल खोडून टाकली, सावकाश, पार कोपऱ्यापर्यंत. मग पान हातभर लांब धरून म्हणाले, "हात अजून शाबूत आहे म्हणायचा माझा."

मी हो म्हटलं.

चष्मा त्यांनी शेवटपर्यंत खिशातून काढलाच नाही.