पुलाच्या अलीकडे जन्मलेलीचं घर

मी लोरेटा हाउझर, वय चौऱ्याऐंशी, राहणार सिटी आयलंड, ब्राँक्स, धंदा होड्यांची शिडं शिवणं, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. ब्राँक्स म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात. आमचं बेट कुणाच्या खिजगणतीत नसतं, आणि आमची त्याबद्दल तक्रारही नाही.

कलम पहिले. हे घर आजोबांनी एका अटीवर ठेवलं: मालक बेटावरच जन्मलेला हवा. आमच्यात बेटावर जन्मतो तो तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, खणणारा. पूल ओलांडून आला तो शिनाणे, म्हणजे खडकावरचे काळे शिंपले, चोखणारा, मग तो इथं म्हातारा का होईना. माझ्या नवऱ्याला माती देतानासुद्धा शेजारचा ओवेन टिर्नी म्हणाला, "गेला बिचारा शिनाणेवाला!"

बेटावर इस्पितळ नाही. आमच्या वेळी बाळंतपणं घरीच व्हायची, आता ती पुलापलीकडे होतात. त्यामुळे मी आणि ओवेन गेलो की तिसऱ्यावालं कुणीच उरणार नाही, ही खंत मला खात होती.

भाचा क्लिफर्डला मात्र घर पाडून फ्लॅट बांधायचेत. "मावशी, तुझ्यानंतर तिसऱ्यावाला मीच," असं तो दर नाताळात ऐकवतो. क्लिफर्ड, बाळा, तू मॅनहॅटनच्या इस्पितळात जन्मलास. मी दाराबाहेर बसले होते. दुसरं कुणी नव्हतं म्हणून आजवर गप्प राहिले. तुला आजोबांचं घड्याळ देते. ते चालत नाही, तुमचं छान जमेल.

कलम दुसरे. वरच्या मजल्यावरची भाडेकरू यारित्झा माझ्याकडे शिवण शिकली आणि आता माझ्याहून सरळ शिवते. मला ती तिच्या स्पॅनिशमध्ये मानानं 'डोन्या' म्हणते. गेल्या जुलैत रविवारी भरदुपारी तिला कळा सुरू झाल्या. रविवारी अख्खं शहर तळलेले मासे खायला इथं लोटतं. एकुलता एक पूल गच्च, रुग्णवाहिका पलीकडे अडकलेली.

"डोन्या लोरेटा, मी चालत पूल ओलांडते!"

"वेडी का काय तू? आडवी हो आधी!"

जिन्यातून ओवेन ओरडत होता, "अगं, अलीकडेच होऊ दे! अलीकडेच!"

अडकलेल्या एका मोटारीतून डेनीज नावाची नर्स धावत आली, हातात कोलंबीचा पुडा तसाच. शिडाच्या नव्या कापडावर आलोंद्रा जन्मली. ओवेननं टोपी काढली, "तिसऱ्यावाली!" म्हणाला आणि पोरासारखा रडला. मीही रडले. कापड गिऱ्हाइकाचं होतं; त्याला दुसरं शिवून दिलं.

म्हणून घर, शिवणाची माडी आणि मागचा धक्का आलोंद्राला. ती मोठी होईपर्यंत कारभार यारित्झा पाहील.

कलम तिसरे. ओवेनला काही नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असं वकील म्हणतात. माझी शिडी मात्र त्याच्याकडून परत घ्यावी. रविवारच्या मोटारवाल्यांना जन्मभर घातलेल्या शिव्या मी मागे घेते.

यारित्झा, तू मरेपर्यंत शिनाणेवालीच राहशील. पण तिसऱ्यावालीची आई म्हणून, हे विसरू नकोस. मी शेवटची नाही, याचा मला इतका आनंद झालाय की आता केव्हाही बोलावणं येवो.

ठिकाण: सिटी आयलंड, पुलाच्या अलीकडे
दिनांक: ४ मे २०१९
सही: लोरेटा हाउझर

साक्षीदार:
१. डेनीज बॅप्टिस्ट, नर्स, शिनाणेवाली
२. ओवेन टिर्नी, तिसऱ्यावाला. शिडी माझीच आहे. तरी उद्या आणून ठेवतो, पोरीला लागेल.