भुशाचा जिल्हा

२८ जून २००४, सोमवार

या शाळेत शिपाई म्हणून लागल्यापासून मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू, एकदा लिहूनच ठेवतो. परिदर्शी दोन. सायकलच्या घंटीची विजेची घंटी — अजून वाजते! दुर्बीण एक, गुरूचे तीन चंद्र दिसतात. आभाळ धुतलेलं असेल तर चौथाही. मेणाचं हृदय, चार कप्प्यांचं. सागवानी फिरता फळा. आणि नकाशा.

नकाशा नऊ फूट बाय सहा. आलापल्लीपासून भामरागडच्या पलीकडपर्यंत. आरागिरणीचा भुसा, रद्दीचा लगदा, सरस, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद. एका इंचाला एक किलोमीटर. उंची मात्र पाचपट — नाहीतर टेकड्या दिसतच नाहीत.

आज खाणीच्या कंपनीचा माणूस आला होता. दोन तास वाकून पाहत होता. "सर्व्हे कुठं शिकलात?" म्हटलं, इथंच. मग काय, सगळं दाखवलं! वाटा, नाले, उन्हाळ्यात कुठं पाणी असतं, कोणता दगड कोणत्या टेकडीवरचा. फोटो तेवढा काढू दिला नाही. फ्लॅशनं रंग उडतात, मी कोणालाच देत नाही.

जाताना म्हणाला, "विकता का?" हसलो.

३० जून

त्याच्या विचारण्यानं जुनं सगळं वर आलं.

१९९१. छापील नकाशात भामरागडच्या बाजूला गावं फक्त चौदा. आठवीतला लहानू बोट फिरवून फिरवून थकला. मग म्हणाला, "वहाबभाऊ, माहा गाव बुडला का?" वर्ग हसला. मी नाही हसलो. त्याच संध्याकाळी भुशाचं पहिलं पोतं आणलं.

मग रीतच पडली. नवं पोर वसतिगृहात आलं की घरून एक मणी आणायचं आणि मला गावची वाट सांगायचं. मणी म्हणजे गाव, दोरा म्हणजे वाट. पण अंतर काढताना काय हुज्जत!

"कोंबडा आरवला का निघतो भाऊ, न बैल सोडाच्या टाइमले पोचतो."

"कोंबडा किती वाजता आरवतो?"

"आमचा कोंबडा पायाले घडी बांधते का?"

म्हणून दिवाळीच्या सुट्ट्यांत मी स्वतः चालून पाहायचो. ९३ साली नववीतल्या चंदाबरोबर तिच्या गावी, कोडमेट्ट्याला गेलो. ती अनवाणी, पुढं. मी बूट घालून, मागं. माझं पाऊल सव्वादोन फूट — मोजत होतो. मधेच तिनं विचारलं, "कितीक झाले?" आकडा चुकला!  पोरगी मागच्या नाल्यापर्यंत परत गेली आणि म्हणाली, "इथून पुना मोजा."

गावावरच्या टेकडीवर तिनं एक तांबडा दगड हातात दिला. मुठीएवढा, पण वजन दुप्पट — लोखंडाचा. तोच नकाशात बसवलाय.

९६ च्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर. परीक्षक म्हणाले, हे मुलांनी केलेलं वाटत नाही. हात माझे होते, खरं आहे. पण पाय? ते कोणाचे होते!

३ जुलै

मुख्याध्यापक गुणवंतरावांनी बोलावलं. कंपनी नकाशाच्या बदल्यात शाळेला तीन संगणक देते. "वहाबभाऊ, पोरं संगणकावर बसतीन! भुशाकडे आता पाह्यते कोण? न तुमचंही काही पाहतीन ना ते."

विचार करतो म्हटलं. खोटं कशाला लिहू — आवडलं मला. माझं काम कंपनीच्या हॉलमध्ये, दिव्याखाली!

५ जुलै

चंदा आली होती. अहेरीच्या दवाखान्यात नर्स आहे आता. बसली, चहा घेतला, मग म्हणाली —

"भाऊ, तो खाणवाला आमच्या गावात आला होता. शाळेच्या नकाशात तुमची टेकडी आहे म्हणे, वरपरेंत वाट आहे म्हणे. न माह्या बापालेच म्हणते, चाल दाखव. बाप गेला नाही." मग विचारलं, "तुमी सांगतलं त्याले?"

"हो."

"काऊन?"

त्यानं विचारलं म्हणून. कौतुक केलं म्हणून.

"तिथी आमचा पेन आहे भाऊ. आमचा देव. टेकडी खंदली तर गाव कुठी जाईन? वाट तर मीच सांगतली तुमाले. दुसऱ्या कोणाले नसती सांगतली."

रडली नाही. आवाजही चढवला नाही. कप धुऊन पालथा ठेवला आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ जुलै

शाळेची जडवस्तूंची नोंदवही पाहिली, पहिल्या पानापासून. नकाशाची नोंद नाही. फळी माझी, सरस माझा. म्हणजे मोडायचा हक्कही माझा.

आधी मणी काढले. एकशे सदतीस. लाल काचेचा — लहानू, आता एसटीत कंडक्टर. बाभळीच्या बीचा — घरी मणी नव्हता म्हणून एकानं ते आणलं होतं. पिवळ्याचे दोन तुकडे — दोन बहिणी, मिळून एकच मणी. फोडताना जिचा हट्ट जास्त तिचा तुकडा मोठा! खिशात मोहाची फुलं घेऊन येणारा, चिखलात एक चप्पल घालून येणारा, पहिल्या आठवड्यात पळून गेलेला आणि दुसऱ्यात बापाच्या खांद्यावर परत आलेला. प्रत्येकाचा आवाज ऐकू येत होता.

मग दोरे. मग पटाशी.

गुणवंतराव धावत आले. "अहो, हे का करून राह्यले!" पटाशी थांबवली नाही.  मग त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

भुसा पोत्यात भरून घरी आणला. बायको, जमीला, म्हणाली, "तेरह साल का काम, एक दोपहर में?" म्हटलं, चुलीत चांगला जळेल. तिनं पोतं चुलीजवळही नेलं नाही.

७ जुलै

आठवीतली रंजीता मणी घेऊन आली. परत ने म्हटलं. ती मला माझीच चूक समजावत बसली — "पण भाऊ, वाट तर सांगाचीच राह्यली!"

१२ जुलै, सोमवार

कंपनीचा माणूस घरी आला. रागावला नाही. म्हणाला, "भुसा गेला तर जाऊ द्या. सगळं तुमच्या डोक्यात आहे. कोडमेट्ट्याची बाजू तेवढी कागदावर काढून द्या."

म्हटलं, साहेब, मी सातवी शिकलेला माणूस. मला काही आठवत नाही.

दीड लाख देत होता.